भांडखोर सिक्लिड आणि शेवाळ खाणारे मासे

घरातील मत्स्यालय नवे असताना त्याची काच निर्मळ असते. काही आठवडे लोटले की तिच्यावर प्रथम तपकिरी आणि मग हिरवी पुटे चढू लागतात, दगड बुळबुळीत होतात आणि आतले मासे धुक्याआडून पाहावे तसे दिसू लागतात. अशा वेळी पाळणारा दुकानात जातो आणि दुकानदार त्याला बोटाएवढ्या लांबीचा, काचेला तोंडाने चिकटून बसलेला एक काळपट मासा दाखवितो. बाजारात त्याला ‘सकर’ म्हणतात. पेटीत गप्पी किंवा टेट्रा यांसारखे शांत मासे असतील तर या नव्या पाहुण्याचा प्रवेश बहुधा विनासायास होतो. परंतु पेटीत सिक्लिड कुळातील मासे असतील तर निराळेच घडते. कधी दुसऱ्या दिवशी सकाळी तो मासा गाळणीच्या मागे दडलेला, पर फाटलेला आणि एक डोळा गमावलेला असा आढळतो. कधी तो तगतो, वाढत जातो आणि दोन-तीन वर्षांत हातभर होऊन पेटीत मावेनासा होतो. या दोन्ही आपत्ती टाळता येण्याजोग्या आहेत. त्यासाठी सिक्लिड का भांडतो आणि शेवाळ खाणारा मासा कसा जगतो, या दोन गोष्टी नीट समजावून घेणे आवश्यक आहे.

सिक्लिड हे गोड्या व मचूळ पाण्यातील माशांचे एक विशाल कुळ होय. त्याच्या सतराशेहून अधिक जातींचे वर्णन आजवर झाले असून त्यांपैकी बहुतेक आफ्रिकेत आणि मध्य व दक्षिण अमेरिकेत राहतात. भारताच्या वाट्याला अवघ्या तीन मूळ जाती आल्या आहेत. त्यांतील सर्वांत परिचित म्हणजे एट्रोप्लस सुराटेन्सिस, केरळचा करीमीन आणि गोव्याचा काळुंदर. ताटातल्या या माशाचे आप्त काचपेटीत शोभेसाठी पाळले जातात, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. दुकानांतून जे सिक्लिड मिळतात ते मुख्यतः परदेशी जातींचे: ॲमेझॉन खोऱ्यातील ऑस्कर, मध्य अमेरिकेतील काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा ‘कॉन्व्हिक्ट’, आफ्रिकेतील मलावी सरोवराचे निळे-पिवळे मासे, आणि माणसाने संकराने निर्माण केलेला, कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न. मध्य अमेरिकेतील एका सिक्लिडाला तर १९१९ ते १९२६ या काळातील जगज्जेता मुष्टियोद्धा जॅक डेम्प्सी याचेच नाव चिकटले आहे. ते नाव त्या माशाला शोभतेही.

हे मासे स्वभावाने दुष्ट आहेत असे मात्र समजू नये. त्यांच्या भांडखोरपणाचे मूळ त्यांच्या अपत्यसंगोपनात आहे. बहुसंख्य मासे अंडी पाण्यात सोडून निघून जातात. सिक्लिड मात्र अंड्यांची आणि पिलांची राखण करतात. ऑस्करचे जोडपे सपाट दगड चोचून स्वच्छ करते, त्यावर अंडी घालते आणि त्या दगडाभोवतीचा सारा प्रदेश आपला मानते. कॉन्व्हिक्टची मादी तर रात्रीही अंड्यांपासून हलत नाही. नदीत अशा जोडप्याजवळ चुकून आलेला मासा दोन-चार हात दूर पळाला की तंटा संपतो. चार फुटांच्या काचपेटीत पळण्यास जागाच नसते, म्हणून तेथे तोच तंटा मरणापर्यंत चालतो. तात्पर्य, कुंडीत लावलेल्या वडासारखी ही स्थिती आहे: वृत्ती निसर्गातलीच, फक्त जागा आखडलेली.

येथे आणखी एक बाब पाळणाऱ्याच्या उपयोगी पडते. ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञ कोन्राड लोरेन्झ यांनी आक्रमकतेवरील आपल्या १९६३ सालच्या ग्रंथात प्रवाळखडकांवरील माशांविषयी असे दाखविले की, प्रादेशिक वृत्तीचा मासा सर्वाधिक त्वेषाने स्वतःच्याच जातीच्या माशावर तुटून पडतो, कारण अन्न, जागा आणि जोडीदार यांचा खरा प्रतिस्पर्धी तोच असतो. सिक्लिडांच्या बाबतीतही ढोबळमानाने असेच दिसते. आकार, रंग आणि पोहण्याची तऱ्हा ही जितकी आपल्यासारखी तितका राग अधिक. तळाशी चिकटून बसणारा, रात्री हिंडणारा, तपकिरी ठिपक्यांचा मार्जारमीन त्याला प्रतिस्पर्धी वाटण्याचा संभव त्यामानाने कमी असतो. शेवाळ खाणारा सोबती निवडताना हे पहिले सूत्र होय.

सोबती शोधण्यापूर्वी मात्र पेटीतला सिक्लिड स्वतःच काय खातो हे पाहावे. मलावी सरोवराच्या खडकाळ किनाऱ्यावर राहणाऱ्या सिक्लिडांना तेथील लोक ‘म्बुना’ म्हणतात. या माशांचा मुख्य आहार म्हणजे खडकांवर वाढणारे शेवाळ आणि त्यात दडलेले सूक्ष्म जीव. त्यांचे दात त्यासाठीच घडलेले आहेत: काहींचे दोन टोकांचे, काहींचे तीन टोकांचे, खरवडणीसारखे ओळीने लावलेले. काही जातींचे नर आपल्या हद्दीतील खडकांवरून इतर चरणाऱ्यांना इतक्या कसोशीने हुसकावून लावतात की तेथले शेवाळ भोवतालच्या खडकांपेक्षा दाट वाढते. मळा राखणाऱ्या शेतकऱ्याची आठवण व्हावी असे हे वर्तन आहे. अशा माशांच्या पेटीत दुसरा शेवाळभक्षक सोडणे म्हणजे राखलेल्या मळ्यात परक्याची गुरे घालणे. तंटा होतो यात नवल नाही. म्बुनांच्या पेटीत प्रकाश पुरेसा असेल तर दगडांवरचे हिरवे लव ते स्वतःच कुरतडीत राहतात, आणि ते त्यांच्या प्रकृतीलाही मानवते. मांसाहारी खाद्याचा अतिरेक झाला की त्यांना पोट फुगण्याचा प्राणघातक विकार जडतो, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. तेव्हा म्बुना पाळणाऱ्याने समोरची काच तेवढी खरवडून घ्यावी आणि दगड माशांच्या स्वाधीन करावेत. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न किंवा जॅक डेम्प्सी यांच्याकडून मात्र अशी अपेक्षा करता येत नाही. शेवाळाचा प्रश्न खऱ्या अर्थाने त्यांच्याच पेटीत उद्भवतो, कारण ते पुष्कळ खातात आणि तितकीच घाणही करतात.

अशा पेटीत जो मासा टिकायचा त्याला चिलखत हवे. दक्षिण अमेरिकेतील लोरिकॅरिडी कुळातील मार्जारमीन या दृष्टीने निसर्गानेच सज्ज केलेले आहेत. त्यांच्या अंगावर खवले नसतात. त्यांऐवजी हाडांच्या कठीण पट्ट्या कौलांसारख्या ओळीने बसविलेल्या असतात. पाठीच्या आणि छातीजवळच्या परांच्या अग्रभागी जाड काटे असतात. शत्रू आला की मासा दगडाच्या फटीत शिरून हे काटे ताठ करतो आणि मग त्याला ओढून काढणे कठीण जाते. कार्ल लिनिअस याने १७५८ मध्ये या कुळातील एका माशाला नाव दिले तेव्हा हाडांच्या पट्ट्या पाहून त्याने त्याची गणना स्टर्जन माशांत केली होती. त्यावेळी दिलेल्या ‘प्लेकोस्टोमस’ या जातिनामाचा अर्थ दुमडलेल्या मुखाचा असा होतो, आणि पाळणाऱ्यांच्या बोलण्यातील ‘प्लेको’ हा शब्द त्याचेच संक्षिप्त रूप आहे. तोंड खालच्या बाजूस, ओठ तबकडीसारखे, आत बारीक दातांच्या रांगा: काचेला चिकटून खरवडण्यासाठी याहून योग्य अवयव शोधून सापडणार नाही. या चिलखतात उघडी राहिलेली मर्मस्थाने म्हणजे डोळे आणि परांच्या पातळ कडा. चिडलेला सिक्लिड नेमका तेथेच चावा घेतो.

या कुळातून दोन मासे प्रामुख्याने विकले जातात आणि त्यांतील भेद न जाणल्यामुळे सर्वांत मोठी चूक घडते. दुकानातील स्वस्त ‘सकर’ हा बहुधा टेरिगोप्लिक्थिस या प्रजातीचा असतो. विकताना तो सात-आठ सेंटिमीटरांचा असला तरी पुढे चाळीस सेंटिमीटरांपर्यंत वाढतो. लहानपणी तो शेवाळ आवडीने खातो. मोठेपणी तळाशी पडलेले माशांचे खाद्यच त्याला अधिक रुचते, आणि पुष्कळ खाऊन तो पुष्कळ विष्ठाही टाकतो. म्हणजे पेटी स्वच्छ राखण्यासाठी आणलेला मासाच पेटीतील सर्वांत मोठा घाण करणारा ठरतो. उपाशी राहिल्यास ऑस्करसारख्या संथ, रुंद अंगाच्या माशाला रात्री चिकटून त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर खरवडण्याची खोडही त्याला लागते. पाचशे लिटरांहून मोठी पेटी आणि पूर्ण वाढलेला ऑस्कर असेल तर हा मासा तग धरतो, त्याला चिलखतही भक्कम आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि सामान्य घरात एवढी पेटी क्वचितच असते.

दुसरा मासा म्हणजे ॲन्सिस्ट्रस. याच्या नराच्या नाकाडावर मांसल, फांद्याफांद्यांचे केस उगवतात, त्यामुळे तो काहीसा विचित्र दिसतो. पण तो दहा ते पंधरा सेंटिमीटरांच्या पुढे सहसा जात नाही आणि मोठा झाल्यावरही शेवाळ खाणे सोडत नाही. कॉन्व्हिक्ट, जॅक डेम्प्सी किंवा मलावीचे मासे यांच्या मध्यम आकाराच्या पेटीसाठी सर्व बाजूंनी विचार करता हीच निवड सरस ठरते. मलावीच्या माशांना कठीण व अल्कधर्मी पाणी लागते, म्हणजे ज्याचे पीएच मूल्य ७.८ ते ८.६ यांच्या दरम्यान आहे असे. ॲन्सिस्ट्रसचे पूर्वज मऊ पाण्यातले असले तरी पेटीत वाढलेली पिढी अशा पाण्याशी हळूहळू जुळवून घेते. त्याला लाकूड कुरतडण्याची आवड असते. परंतु लाकडाने पाणी आम्लाकडे झुकते, म्हणून मलावीच्या पेटीत त्याच्यासाठी दगडी कपारीच बऱ्या. पूर्ण वाढलेला ऑस्कर अथवा फ्लॉवरहॉर्न असेल तेथे ॲन्सिस्ट्रसची लहान पिले मुळीच सोडू नयेत. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो तो आज ना उद्या तोंडात जातोच.

तोंडात जाण्याने केवळ गिळला गेलेला मासाच मरतो असेही नाही. ऑटोसिंक्लस हा चार-पाच सेंटिमीटरांचा, अतिशय गुणी शेवाळभक्षक. ऑस्करने तो गिळला तर त्याच्या परांतील ताठ काटे ऑस्करच्या घशात रुततात, गिळणे आणि थुंकणे दोन्ही अशक्य होते आणि दोघेही दगावतात. गोगलगाई ठेवाव्यात तर अनेक सिक्लिड त्याही फोडून खातात. त्यांच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते आणि शंख फोडण्यास ती समर्थ असते.

‘चायनीज अल्गी ईटर’ या नावाने विकला जाणारा मासा हा फसवणुकीचा आणखी एक नमुना आहे. तो मूळचा थायलंड आणि मेकाँग खोऱ्यातला, शास्त्रीय नाव गायरिनोकायलस आयमोनिएरी. शरीररचनेच्या दृष्टीने तो मोठा कुतूहलाचा विषय आहे. इतर मासे तोंडाने पाणी घेऊन कल्ल्यांतून सोडतात. या माशाचे तोंड दगडाला सतत चिकटलेले असते, म्हणून त्याच्या प्रत्येक कल्ल्याला दोन द्वारे आहेत: वरच्या द्वाराने पाणी आत येते आणि खालच्याने बाहेर जाते. वेगवान ओढ्यात दगड न सोडता श्वास घेण्याची ही युक्ती आहे. परंतु पेटीत हा मासा पंचवीस सेंटिमीटरांपर्यंत वाढतो, वयाबरोबर शेवाळाकडे पाठ फिरवितो, आणि त्याच चिकटणाऱ्या तोंडाने चपट्या माशांच्या अंगाचा बुळबुळीत थर ओढू लागतो. ज्या सिक्लिडाचे अंग असे सोलवटते त्याला बुरशीचे रोग जडतात. कितीही स्वस्त मिळाला तरी हा मासा आणू नये. लाल शेपटीचा ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा मासाही तळाच्या जागेसाठी भांडतो आणि शेवाळ फारसे खात नाही. क्रॉसोकायलस या प्रजातीचा सयामी मासा मात्र प्रामाणिक आहे; काळ्या केसाळ झुपक्यांच्या रूपाने वाढणारे, वस्तुतः तांबड्या शैवलवर्गातले जे शेवाळ इतर मासे टाळतात, ते तो खातो. तो चपळ असल्याने मध्यम भांडखोर माशांपासून निसटतो. मोठ्या, चिडखोर नरांपुढे त्याचा निभाव लागत नाही.

या संदर्भात एका देशी माशाची आठवण करणे उचित होईल. इंग्रज लष्करी अधिकारी आणि निसर्गअभ्यासक विल्यम हेन्री साइक्स याने दख्खनच्या नद्यांतील माशांची पाहणी करून १८३९ मध्ये अनेक जातींना शास्त्रीय नावे दिली, आणि ती देताना स्थानिक मराठी नावेच लॅटिन वेषात वापरली. त्यांपैकी ‘मुल्या’ म्हणजे आपला मळ्या मासा. आज त्याचे शास्त्रीय नाव गारा मुल्या असे आहे. पश्चिम घाटातील ओढ्यांत तो खळाळत्या पाण्याखालच्या दगडांना हनुवटीखालील चिकट तबकडीने धरून राहतो आणि त्यांवरचे शेवाळ खरवडतो. पाणी जोराने फिरते ठेवणारी गाळणी आणि भरपूर प्राणवायू असेल, उष्णता फार नसेल, तर मध्यम आकाराच्या सिक्लिडांबरोबर तो चपळाईने दिवस काढू शकतो. मात्र स्थिर, कोमट पाण्याच्या पेटीत त्याला आणणे क्रूरपणाचे होईल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. काचेवर शेवाळ येते ते प्रकाश आणि पाण्यात विरघळलेली नायट्रेट व फॉस्फेट ही द्रव्ये यांच्या जोरावर. मासे खातात, विष्ठा टाकतात. तिच्यातून आणि कल्ल्यांवाटे पाण्यात अमोनिया येतो आणि उपयुक्त सूक्ष्मजंतू त्याचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. शेवाळ हे नायट्रेट शोषून वाढते. शेवाळ खाणारा मासा ते खाऊन पुन्हा विष्ठाच टाकतो, म्हणजे द्रव्यांची फेरी सुरूच राहते. पेटीबाहेर काहीही जात नाही. बाहेर नेण्याचे साधन एकच: दर आठवड्याला पेटीतील सुमारे पाव हिस्सा पाणी काढून, क्लोरीन उडालेले ताजे पाणी भरणे. दिव्याचा काळ दिवसाकाठी आठ तासांवर आणावा आणि पेटी खिडकीच्या उन्हात कधीही ठेवू नये. नव्या पेटीत दिसणारी तपकिरी भुकटी ही डायाटम अथवा करंडक वनस्पतींची असते आणि बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. निळसर हिरवे, चादरीसारखे सोलून निघणारे आणि दुर्गंधी असलेले पूट हे खरे शेवाळ नसून सूक्ष्मजंतूंचा थर असतो. त्याला कोणताही मासा तोंड लावीत नाही, ते हातानेच काढावे लागते. काच खरवडण्याचे साधे पाते हे कोणत्याही माशापेक्षा जलद काम करते, हेही सांगून ठेवले पाहिजे.

वाढलेला सकर नकोसा झाला की लोक दयाबुद्धीने त्याला जवळच्या तळ्यात किंवा नदीत सोडून देतात. या दयेचे परिणाम भयंकर झाले आहेत. हा मासा पाण्यातील प्राणवायू कमी झाल्यास हवा गिळून जठरातून श्वसन करू शकतो, त्यामुळे गढूळ, प्रदूषित पाण्यातही तो जगतो. विणीच्या काळात तो काठाच्या मातीत खोल बिळे खणतो आणि काठ ढासळतात. केरळ, आंध्र प्रदेश, पश्चिम बंगाल येथील जलाशयांत तो पसरला असून आंध्रातील मच्छीमार त्याला ‘डेव्हिल फिश’ म्हणतात. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नसते. मेक्सिकोतील इन्फिएर्निलो जलाशयात टिलापियाची मोठी मासेमारी चालत असे. टिलापिया हाही सिक्लिडच. तेथे या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत जाळ्यांत टिलापियाऐवजी हे मार्जारमीनच भरू लागले आणि हजारो कुटुंबांचा व्यवसाय संकटात आला. काचपेटीत जो मासा भांडखोर सिक्लिडांपुढे टिकावा म्हणून निवडला जातो, तो ज्या गुणांमुळे टिकतो त्याच गुणांमुळे नदीत अनावर होतो. म्हणून असा मासा दुकानदाराकडे परत द्यावा किंवा मोठी पेटी असलेल्या दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावा, पण वाहत्या वा साठलेल्या पाण्यात कदापि सोडू नये.

योग्य मासा निवडल्यावर त्याला पेटीत कसा सोडावा, यावर त्याचे पहिले काही दिवस अवलंबून असतात. नवी पेटी असल्यास आधी मार्जारमीन आणि मागाहून सिक्लिड सोडणे सर्वांत उत्तम. सिक्लिड आधीच असतील तर नव्या माशाला दोन-तीन आठवडे वेगळ्या पात्रात ठेवून रोग नाही याची खात्री करावी. नंतर पेटीतील दगडांची मांडणी बदलावी. जुन्या हद्दी पुसल्या गेल्यामुळे सर्वच मासे काही काळ नवखे होतात. मासा जाळीने पकडू नये, कारण काटे जाळीत गुंततात. तो एखाद्या रुंद भांड्यात घ्यावा. पेटीच्या तळाशी भाजलेल्या मातीच्या नळ्या किंवा अर्धी फुटलेली कुंडी उपडी ठेवावी, आणि तिचे तोंड मार्जारमीन आत जाईल पण सिक्लिडाचे रुंद अंग अडेल एवढेच असावे. एका माशामागे निदान दोन लपणी असावीत. सिक्लिडांनी अंडी घातली असतील तर त्या आठवड्यात नवा मासा आणूच नये. रात्री तो अंड्यांकडे जातो आणि मग आईबाप त्याला सोडीत नाहीत.

त्याला केवळ शेवाळावर जगविण्याचा आग्रहही धरू नये. काच स्वच्छ दिसू लागली म्हणजे त्याचे अन्न संपले असा अर्थ होतो. दिवे मालविल्यानंतर अर्ध्या तासाने, सिक्लिड निवांत झाल्यावर, काकडीची किंवा दोडक्याची उकडलेली फोड दगडाला बांधून नळीच्या तोंडाशी सोडावी. सकाळी दिवा लावण्यापूर्वी तिचा उरलेला भाग काढून टाकावा, नाहीतर तो कुजून पाणी बिघडते.